वजन तेवढंच होतं

दादा गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी फळ्यासमोर उभी होते. महिना उलटला, तरी अजून मला एका जागी बसवत नाही. भाजी फोडणीला टाकते, अंगणात जाते, आणि कशाला आले तेच आठवत नाही...

पास्कलदादा माझा थोरला भाऊ. वसईत आमची केळीची वाडी. त्याची मूत्रपिंडं बिघडल्याचं कळलं आणि डॉक्टरांनी आधी केळीच बंद केली. घड पिकायचे, दादा नुसता वास घ्यायचा. डाळ, मासळी कमी करा, असंही ते म्हणाले होते. वहिनीने भीतीपोटी दोन्ही बंदच केलं. उरला मऊ भात आणि अळणी दुधी. तरी दवाखान्यातल्या काट्यावर वजन दर खेपेला तेवढंच भरायचं. वहिनी क्रूसाची खूण करायची. मला मात्र चैन पडेना. पाय सुजलेले, आणि हातातलं घड्याळ कोपराकडे घसरत चाललेलं.

शेवटी त्याला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दंडाला मोजायची टेप लावली, दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली, हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी चाचपलं. पायावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

"काल काय काय खाल्लंत?"

दादा हसला. "सांगायला वेळ लागणार नाही, बाई."

"हे वजन पाण्याचं आहे," त्या आमच्याकडे वळल्या. "आतून माणूस झिजतोय. आजार आहेच, वर उपासमार."

वहिनीला रडू फुटलं. "मी तर जपत होते हो त्यांना..."

"जपलंतच. आता खायला घाला."

रोज एक अंडं आणि मासळीचा लहानसा तुकडा त्यांनी ठरवून दिला. गोळ्यांनी सूज उतरली तेव्हा खरा दादा दिसला, सदऱ्यात हरवलेला. मला बघवेना, मी बाहेर जाऊन येरझाऱ्या घालत राहिले. पण हळूहळू अंगात ताकद आली. मुलीच्या लग्नात तो तिला वेदीपर्यंत स्वतः चालत घेऊन गेला, कुणाचा आधार न घेता. आजार काही हटला नाही. यंत्रावर रक्त शुद्ध करून घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. ते लग्न मात्र त्याला मिळालं.

ओट्यावर त्याची आरामखुर्ची आहे. जेवून तिथे बसला की येणाऱ्याजाणाऱ्याला, अगदी पोस्टमनलाही विचारायचा, "जेवलास का रे?" परवा वहिनी ती खुर्ची आत न्यायला गेली आणि मध्येच थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. तू जेवलीस का, बाय?"

मी मान हलवली... नाही. तिने ओट्यावरच दोन ताटं आणली. खुर्ची जागची हलली नाही. जेवता जेवता मी दोनदा उठले. वहिनीने दोन्ही वेळा हात धरून मला खाली बसवलं.