सातवा नियम

मला नोटिसा लिहायची खोड आहे. सिल्व्हर पार्कातल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, त्यामुळे लिफ्टमध्ये, जिन्यात, पाण्याच्या टाकीवर, जिथे कागद चिकटेल तिथे माझं मराठी चिकटलेलं असतं. 'कुंड्यांना पाणी घालताना खालच्या मजल्यावरही माणसे राहतात हे स्मरणात ठेवावे' हे वाक्य माझंच. त्यामुळे कुणाचंही पाणी गळायचं थांबलं नाही, पण वाक्य चांगलं आहे असं मला अजून वाटतं.

राहायला इकडे आलो तरी माझं नाव गावच्याच चर्चच्या वहीत आहे. गाव म्हणजे तारोडी. दर रविवारी स्कूटर काढतो, तिथे मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला जातो आणि मग आईकडे जेवून दुपारी परत येतो. तिथल्या मंडळाचाही मी सेक्रेटरी. कुठेही चार माणसं जमली आणि लिहायचं काम निघालं की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी उगीच नको नको म्हणून हो म्हणतो.

नवे फादर आले ते तरुण आणि शिस्तीचे. महिनाभर त्यांनी गंमत बघितली. वेदीजवळ उभं राहून प्रेमाचा संदेश वाचणारा माणूस बाहेर येऊन पार्किंगवरून कुणाच्या सात पिढ्या काढतो, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी मला बोलावलं. "सेक्रेटरी, जो पुढे उभा राहतो त्याचं वागणं मागच्यांना दिसतं. वाचन करणारे, गाणारे, वाडीत प्रार्थना चालवणारे, सगळ्यांसाठी एक आचारसंहिता लिहा. वाचून सही करतील त्यांनीच पुढे यायचं."

मी दोन रात्री जागायला तयार होतो, पण अर्ध्या तासातच काम झालं. वेळेवर यावे. मोबाइल बंद ठेवावा. प्रार्थनेला येताना मद्यपान केलेले नसावे. तोंडात शिवी नसावी. असे सहा झाल्यावर मला गायनमंडळातले दोघे आठवले. एक पेटी वाजवतो, दुसरा गातो, आणि कित्येक वर्षं दोघं बोलत नाहीत. गाणं कधी सुरू करायचं ते खोकून कळवतात. मिस्सात कुणाला खरोखर खोकला आला तर पेटी सुरू होते. त्या दोघांना डोळ्यांपुढे ठेवून मी सातवा नियम लिहिला: 'पुढाऱ्याचा कोणाशीही अबोला नसावा. असल्यास तो मिटवूनच पुढे यावे.' फादरना तो सगळ्यांत आवडला. मलाही.

बोर्डावर 'आचारसंहिता' असं मोठ्या अक्षरात लागल्यावर पहिल्या दिवशी गोंधळ झाला. लोकांना वाटलं निवडणूक आली. एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, दुकानं किती दिवस बंद राहतील? पण एकदा कळल्यावर मंडळी रांगेत उभी राहून भराभर सह्या करू लागली. मद्यपानाच्या तिसऱ्या नियमावरून ज्यांचा सगळ्यांना संशय होता त्यांनी सगळ्यांत ठसठशीत सही केली. गायनमंडळातल्या दोघांनीही केली. पेन एकच होतं. पहिल्याने सही करून ते मला दिलं, मी दुसऱ्याला दिलं. त्याने सही करून ते मलाच परत दिलं, कारण पेन पहिल्याचं होतं.

राहिली एकच सही. माझ्या आईची.

आता हे सांगायला हवं. आमच्या वाडीच्या क्रुसापाशी मे महिनाभर रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरियामातेची माळेवरची प्रार्थना होते, आणि ती चालवते माझी आई. सासूनंतर तिच्याकडे आलेलं काम. चाळीस वर्षं तिने भाईंदरच्या बाजारात मासळी विकली. तिथे गिऱ्हाईक तिच्यावर ओरडायचं, घरी वडील ओरडायचे. मे महिन्यातल्या त्या तासाभरात मात्र ती म्हणेल तेव्हा सगळी वाडी उठायची आणि ती म्हणेल तेव्हा गुडघ्यावर यायची. एरवी न मागता काही मिळत नसलेल्या बाईला हे मिळालं होतं. ते तिला किती प्रिय आहे हे मला ठाऊक होतं, आणि तरी सातवा नियम लिहिताना मला ती आठवली नाही. याची मला लाज वाटते.

कारण माझी आई आणि माझी काकी, सख्ख्या जावा, भिंतीला भिंत लागून घरं, अकरा वर्षं एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

भांडण बोंबलांचं. दोघींच्या बोंबील वाळवायच्या वलांड्या, म्हणजे बांबूंचे मांडव, एकाच जागेत शेजारी शेजारी. अकरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, आई क्रुसापाशी असताना, अवकाळी सर आली. काकीने आपले बोंबील उचलले. आईचे भिजले, सगळा माल नासला. बस्स, तेव्हापासून बंद. मिस्सात शेजारपाजाऱ्यांना हात जोडून 'तुम्हाला शांती लाभो' म्हणायचं असतं, तेव्हा काकी उजवीकडे म्हणून आई डावीकडे वळते. डावीकडे खांब आहे. अकरा वर्षं माझ्या आईने त्या खांबाला शांती दिली.

मी कागद घेऊन घरी गेलो. "आय, इथे सही कर. नुसती औपचारिकता आहे."

आईने चष्मा लावून सगळे नियम वाचले. सातव्यावर थांबली. "ह्यो कोनी लिवला?"

"मंडळाने," मी म्हणालो.

"तूच लिवलास. 'असल्यास मिटवूनच' असलं तूच लिवतोस." तिने कागद परत केला. "मी न्हाय करनार. माझा अबोला हाय."

"सगळ्यांनी केलीय गं! त्या पेटीवाल्याने पण केलीय!"

"मग देवासमोर त्याचं तो बघल. मी खोटं लिवून क्रुसाम्होरं कशी उभी ऱ्हाऊ?"

"मग काकीशी बोल एकदा."

"ती बोलल तवा बोलन," आई म्हणाली आणि कोलंबी सोलायला बसली.

मी फादरकडे गेलो. वयाचा मान ठेवून सातव्या नियमातून ज्येष्ठांना सूट द्यावी, अशी दुरुस्ती मी घरूनच लिहून नेली होती. फादरनी ती शांतपणे वाचली. "सेक्रेटरी, नियम तुम्हीच लिहिलात. फार छान लिहिलात. आता आईंसाठी पुसायचा?" त्यांनी यंदा वाडीतल्या दुसऱ्या कुणाला सांगायचं ठरवलं. वाडीत रोझरी तोंडपाठ असलेली दुसरी बाई एकच होती. काकी. आणि काकीने, चर्चमध्ये कधीमधी वाचन करते म्हणून, सही केली होती! मी तिला मान खाली घालून विचारलं, काकी, तुझाही अबोला आहे ना? ती म्हणाली, "माझा कुटं? मी बोलाया कवापासून तयार हाय. तीच बोलत न्हाय."

मे महिना लागला. आई क्रुसापाशी येणारच नाही असं मला वाटलं होतं, पण ती आली. घडीचं लुगडं नेसून आली आणि सगळ्यांत मागे, मुलाबाळांच्या चपला काढलेल्या होत्या तिथे बसली. मी मुद्दाम सिल्व्हर पार्काहून आलो होतो. तिला तिथे बसलेली बघून मला माझ्या सगळ्या नोटिसा फाडून टाकाव्याशा वाटल्या.

क्रुसाला झेंडूच्या माळा होत्या. बाजूला टोपभर उकडलेले चणे घेऊन काकीचा मुलगा उभा होता, प्रार्थना संपल्यावर वाटायचे म्हणून. तो माझ्याच वयाचा. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. लहानपणी दोघं चण्यांच्या रांगेत दोनदा उभे राहायचो, दुसऱ्या वेळी शर्ट अदलाबदल करून. बोंबील भिजल्यावर आमचंही थांबलं. आम्ही कधी भांडलोच नव्हतो, आपापल्या आईच्या बाजूने गप्प झालो इतकंच. त्याच्या लग्नाच्या दिवशी मी पुण्याला काम काढलं. भाईंदर स्टेशनवर दिसला तर मी फोन कानाला लावतो. एकदा तो लावलेला असतानाच वाजला होता.

काकीने सुरुवात केली. रोझरीत दर टप्प्याला दहा वेळा 'नमो मरिया' म्हणायचं असतं. काकीची चाल भरधाव. पहिला टप्पा झाला, दुसरा झाला, तिसऱ्याच्या शेवटी ती पुढे सरकणार तोच मागून आवाज आला.

"नऊच झाले."

सगळी वाडी वळली. आई माळ उंच धरून उभी होती. अकरा वर्षांतले तिचे जावेला पहिले शब्द ते हे.

"धा झाले," काकी पुढूनच म्हणाली.

"नऊ. मी मोजतेय."

"तू नुसतं मोजतच बस! सगला जनम मोजत बसलीस, माझे किती नि तुझे किती!"

"मंग? माझे सगले भिजले, तुझा एक तरी भिजला का?"

कुणीतरी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, हे शिवीच्या चौथ्या नियमात बसतं का? मी त्याला गप्प केलं. काकी माळ गळ्यात अडकवून मागे आली. "वयनी, मी तीन हाका मारल्या तुला त्या दिवशी! वलांडीपासून हितपर्यंत बोंबलत आले, पाऊस आला, पाऊस आला! तू वलून पन बघितलं न्हाय! मी एकटी बाई दोन वलांड्या कशा उचलू?"

आता आई काय बोलते म्हणून सगळे थांबले. आईने उंच धरलेली माळ खाली घेतली.

"ऐकल्या," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या हाका. सगली वाडी मोठ्यानं म्हनत होती, तरी मी तिन्ही ऐकल्या. मी म्होरं उभी होते. रोझरी मधीच सोडून कशी येऊ? बोंबलांसाठी?" तिचा आवाज बारीक झाला. "मंग माल गेला त्याचा राग कोनावर काढू? क्रुसावर?"

अकरा वर्षं मी घरात जेवताना ऐकत आलो होतो की काकीने मुद्दाम केलं. आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला तिचा रागही आला आणि तिला मिठीही मारावीशी वाटली. काकीने कपाळावर हात मारला. "मंग सांगायचंस की बाय! मी अकरा वर्सं ह्याला त्याला हाका मारल्याच्या शपथा घेत फिरतेय!"

"आता सांगितलं ना. म्हन धावा."

"तूच म्हन."

आईने तिथूनच, चपलांमध्ये उभी राहून, दहावा 'नमो मरिया' म्हटला. पुढचे दोन टप्पे काकीने धावत म्हटले आणि आईने मागून दर वेळी मोठ्याने आकडा सांगितला.

प्रार्थना संपल्यावर आई माझ्याकडे आली. "कागद हाय का तुज्याकडं?"

माझ्या खिशात होताच. तिने माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मला इतका आनंद झाला की उद्या फादरना काय काय सांगायचं याची मी मनात वाक्यं जुळवू लागलो. पण पाठीवरचा कागद हलेना. आई सह्यांची यादी वरपासून वाचत होती.

"ही पैली सही कोनाची?"

"माझी. सेक्रेटरीची पहिली असते."

"सातवा नियम वाचलास सही करताना?"

"मीच लिहिलाय, आय."

"मंग त्यो चने वाटतोय, त्यो कोन हाय तुझा?"

आईने कागदाची घडी केली, माझ्या खिशात घातली आणि मला हलकेच रांगेकडे ढकललं.

रांगेत पुढे सात-आठ जण होते. एवढ्या वेळात मी तीन वाक्यं तयार केली आणि तिन्ही नोटिशीसारखी वाटली म्हणून टाकून दिली. मनात भीती होती. त्याने चणे देऊन नुसती मान फिरवली तर? तसं करायचा त्याला पूर्ण हक्क होता. माझा नंबर आला. मी हात पुढे केला. त्याने टोपातच बघत डाव भरला आणि अर्ध्यात थांबला.

"मघाशी घेऊन गेलास ना तू?" तो म्हणाला. "शर्ट बदलून आलास काय?"

मी दुसराही हात पुढे केला. माझी ओंजळ भरल्यावरही तो चणे घालतच राहिला. मागचा माणूस ओरडायला लागला.