कन्हानची पेटी आणि चार बोटं जागा

कॉम्प्युटरसाठी पेटी आणायला कोणी कन्हानला जातं का? आम्ही गेलो होतो, मी आणि माझे बाबा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, नागपुरातला कडक डिसेंबर.

झालं असं की पॉलिटेक्निक संपवून मी घरी वर्षभर खपून एक कॉम्प्युटर जोडला होता. आजच्यासारखा नव्हे हो! वहीएवढी हिरवी पाटी, तिच्यावर चिपा, वीसेक बटणं आणि सहा लाल आकडे. भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यानं मुलाखतीला बोलावलं आणि पत्रात लिहिलं, 'स्वतः बनवलेलं काही असल्यास सोबत आणावे.' मुलाखत गुरुवारी. उघडी पाटी एसटीच्या धक्क्यांत नेली असती तर सोल्डरिंगचे अर्धे टाके वाटेतच सुटले असते. आणि ही नोकरी हुकली की आईनं आणलेल्या स्थळाला मुकाट्यानं हो म्हणायचं, असं घरात ठरलं होतं.

सोमवारी सीताबर्डी पालथी घातली. रेडिओच्या सामानाच्या दुकानात एक देखणी तयार पेटी मिळाली, किंमत अडीचशे. माझ्याकडे उरले होते साठ. मंगळवारी इतवारीतल्या भंगारवाल्यांकडे गेले. जुन्या स्टॅबिलायझरचे डबे होते, पण गंजलेले आणि चिमुकले. तिथलाच एक जण म्हणाला, "बाई, कन्हानले जा ना. तिथं टिनाच्या पेट्या बनवणारा हाय. एका दिवसात देते."

"मी येतो," बाबा म्हणाले. "एकटी काहून जाशील?" बाबा पोस्टातून नुकतेच रिटायर झालेले. खरं म्हणजे त्यांनाच उत्सुकता होती, पण कबूल करतील तर शपथ.

बुधवारी सकाळी कामठीवरून जाणारी बस पकडली. भाडं किरकोळ, खिडकीला काच नाही. बाबांनी आपला तपकिरी लोकरीचा मफलर कानांवरून घट्ट गुंडाळला होता. तो मफलर दिवाळीनंतर चढायचा आणि होळीलाच उतरायचा. कन्हानला उतरून आधी तर्री-पोहे हाणले. तुम्ही गेलात तर तर्री बेतानंच मागा, माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

पेटीवाले गणपतकाका पत्र्यावर हातोडी चालवत बसले होते. "लग्न कोनाचं हाय भाऊ?"

"लग्न नाही गा," बाबा म्हणाले. "पोरीच्या कॉम्प्युटरले पेटी पाहिजे."

मी ऐटीत मापाचा कागद काढला. मिलिमीटरपर्यंत आखलेला! काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला, बोटांनी मोजला आणि म्हणाले, "मी सगळीकून चार बोटं जास्ती सोडतो."

"अजिबात नाही! लिहिलंय तेवढीच पाहिजे. पाटी आत हलली की मेली."

"पाहू ना," असं म्हणून ते पुन्हा ठोकायला लागले.

पेटी होईपर्यंत आम्ही नदीकाठी बसलो. पुलावरून कोळशाचे ट्रक जात होते. बाबांनी चिप म्हणजे काय ते विचारलं, मग ती कशानं बिघडते तेही. मी नुसतं "कशानंही" म्हटलं.

दुपारी जाऊन पाहते तर पेटी सगळीकडून चार बोटं मोठी! वर झाकणावर गुलाबी कमळ. माझं डोकंच फिरलं. "काका, कागद कशाला दिला होता मी?"

"बाई, तीस वर्सं पेट्या बनवून राहिलो," काका शांतपणे म्हणाले. "निघाच्या येळेस घरचं कोनी ना कोनी काही तरी टाकतेच. मंग झाकन लागत नाही आन् पोरगी रडते."

दुसरी बनवायला वेळ नव्हता. पंचेचाळीस रुपये मोजले आणि घरापर्यंत तोंड फुगवून बसले.

घरी पाटी ठेवली, मागून वायरी जोडल्या, आणि वरमलेच. वायरींच्या पिना आणि त्यांचं वळण धरून बरोबर चार बोटं लागली! मी मोजली होती नुसती पाटी. वा रे इंजिनियरीणबाई! पाटी पत्र्याला टेकू नये म्हणून बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून खाली लावले. वरची जागा मोकळीच राहिली. सकाळी रद्दी कोंबू म्हटलं.

सकाळी घाईत रद्दी राहिली. पेटी बाबांनी बंद केली, दोरी बांधली आणि बसस्टँडवर सोडायला आले. त्यांचा गळा उघडा.

"बाबा, मफलर?"

"गरम होऊन राहिलं मले," ते म्हणाले. तोंडातून वाफ निघत होती.

कारखान्यात तीन साहेबांसमोर झाकण उघडलं. पाटीवर नीट घडी करून दाबून बसवलेला तपकिरी मफलर! स्वेटर काढताना चटचट आवाज होतो ना, तेवढ्या विजेनंही चिप मरते. म्हणून तर पाटीला हात लावण्याआधी मी दर वेळी स्वेटर काढून कुडकुडत बसायची. अहो बाबा, हे काय केलंत! हळूच मफलर उचलला, वीज जोडली, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

एक क्षण काहीच नाही. मग सहा लाल शून्यं पेटली. नोकरी लागली.

संध्याकाळी बाबा गळ्याला टॉवेल गुंडाळून दारातच उभे. "चाललं का वं? हलली नाही ना पाटी?"

"जराही नाही," मी म्हटलं.

खरं काय ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. पुढं नोकरीत तीच पेटी घेऊन कितीदा फिरले. बंद करायचं काम बाबांचंच, आणि हिवाळा असो की उन्हाळा, मफलर आत असायचाच. मी वळणाआड गेले की पेटी उघडायची, तो गळ्यात घालायची, आणि परतताना घर दिसायच्या आधी पुन्हा घडी करून आत ठेवायची.