विकलेला माल परत घेतला जाईल

बरकतपुऱ्यातल्या बिडकरअण्णांच्या कापडदुकानाची पाटी वाचून नवखा माणूस थबकायचाच. बाकी साऱ्या हैदराबादेत दुकानदार लिहितात, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. अण्णांनी हातभर उंच अक्षरांत लिहिलं होतं, 'विकलेला माल परत घेतला जाईल.' समोरच माझं चष्म्याचं दुकान. नजर तपासायला आलेल्याला मी तीच पाटी वाचायला लावायचो. वाचून ज्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसायचा नाही, त्याला चष्मा.

एकदा एक बाई लग्नात मिरवलेली साडी परत घेऊन आल्या. साडीवर पंगतीतला एकूण एक पदार्थ हजर. तेवढ्यावर चार माणसं जेवून उठली असती. अण्णांनी पदर नाकाशी नेला. "बगारा बैंगन झकास झालं होतं वाटतं," म्हणाले आणि साडी ठेवून घेतली.

"अण्णा, अशानं दुकान बुडेल," मी म्हणालो.

"बुडत नाही रे. परत घेणाऱ्याकडनं लोक बिनघोर घेतात आणि परत करायला लाजतात. ही बाई कोडगी निघाली, एवढंच."

पुढे एका पक्षानं त्यांना नगरसेवकपदाचं तिकीट दिलं. अण्णांना माइक लागत नसे. बरकतपुऱ्यात बोलले की पार कोसभर लांबच्या तारनाक्याची कबुतरं उडत. सभेत गरजले, "मीही मालच आहे. खराब निघालो तर सोसत बसू नका, आणून टाका परत." निवडून आले.

मग पक्षाच्या मनात आलं, दुकानामागची भाजीमंडई पाडून तिथे मॉल उभारावा. मंडईत मल्लम्मा बसायची, तिच्याआधी तिची आई तिथेच बसायची. महापालिकेत ठराव यायचा होता आणि अण्णांनी बाजूनं हात वर करायचा होता. आदल्या दिवशी पक्षाचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले. मी चहाचं निमित्त काढून रस्ता ओलांडला.

"अण्णा, टिकट कौन दिया?"

"आपने."

"तो कल हाथ उठाना पडता."

"मल्लम्मा कहाँ बैठेगी?"

"अरे, वो कहीं भी बैठ जाती. आप अपनी कुर्सी का सोचो."

अण्णांनी गळ्यातला पक्षाच्या रंगाचा पट्टा काढला. आमच्याकडे त्याला कंडुवा म्हणतात. गादीवर पसरला, सुरकुत्या निपटल्या, साडीसारखी घडी घातली आणि दुकानाच्या पिशवीतून अध्यक्षांपुढे सरकवला.

"कापड आपका है. रंग छोड रहा. वापस लो."

"ऐसा वापस नहीं होता, अण्णा."

"हमारे दुकान में होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला तो विरोधात. तो बघून आणखी कितीतरी हात वर गेले, असं मी सांगतो. अण्णा सांगायचे, पंखे बंद पडले होते, लोक वारा घेत होते. काही का असेना, ठराव बारगळला.

पुढच्या निवडणुकीत अण्णा अपक्ष उभे राहिले आणि सपाटून पडले. निकालाच्या संध्याकाळी समाचाराला गेलो, तर हे गिऱ्हाइकाला परकर दाखवतायत.

"अण्णा, पडलात की."

"लोकांनी परत केलं. पाटी माझीच, तक्रार कुणाकडे करू?" मग मागच्या बाजूला मान वळवून म्हणाले, "मंडई जागेवर आहे ना?"

गेल्या थंडीत अण्णा गेले. सारा बरकतपुरा रस्त्यावर होता. मृत्यूसुद्धा गर्दीत वाट काढत आला असणार. तेवढ्यात अध्यक्ष आले, बरोबर फोटोवाले. त्यांनी कोरा कंडुवा अण्णांच्या छातीवर पसरला आणि गहिवरून म्हणाले, "आखिर हमारे ही थे."

गर्दीतून मल्लम्मा पुढे आली. तिनं कंडुवा उचलला, सुरकुत्या निपटल्या, घडी घातली. भाजी न्यायला जवळ ठेवलेली अण्णांच्या दुकानाची जुनी पिशवी झटकली, घडी तीत घातली आणि अध्यक्षांच्या हातात दिली.

"अण्णा के यहाँ माल वापस होता, साब," ती म्हणाली, आणि आम्ही तिरडी उचलली.