देवापुढं ठेवलेला मेणाचा ठोकळा

खोटं कशाला बोलू, देवावरचा माझा विश्वास डळमळला तो दुसऱ्याचा रिपोर्ट चांगला आला म्हणून. माझ्या मेंदूत गाठ निघाली होती. डोकं असं ठणकायचं, की आवाज आमच्या घोडनदीच्या पलीकडं जात असेल. पुण्याला ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवर यवतचे ढाबेवाले बाळूशेठ, त्यांनाही गाठच. पण त्यांच्या गाठीच्या जनुकांत असा एक बिघाड सापडला, की इम्युनोथेरपी लागू पडेल. म्हणजे अंगातलेच राखणदार गाठ ओळखून तिच्यावर तुटून पडतील, असं डॉक्टर म्हणाले. शेठनी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. माझा घशाखाली उतरेना. लोकांच्या विहिरीवर, बैलांवर, निवडून आलेल्या पॅनेलवर मी जन्मभर जळलो. दुसऱ्याच्या बिघाडावर जळायची वेळ पहिल्यांदाच आली.

माझी ती तपासणी राहिली होती. घरी सोडताना गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून हातात दिला आणि लॅबला द्यायला सांगितलं. लॅब दोन गल्ल्या सोडून. पण आमच्याकडं नव्या ट्रॅक्टरची चावीसुद्धा आधी देवापुढं ठेवतात. मी ठोकळा थेट घरी शिरूरला आणला, देव्हाऱ्यात खंडोबापुढं ठेवला, भंडारा उधळला आणि शेजारी, अगदी खेटून, समई लावली. डोळे मिटून मागितलं, "देवा, शेठचा बिघाड मला दे. त्यांचं त्ये बघतील."

तेवढ्यात दारातून हाक आली, "आप्पा, हाय का घरात?"

डोळे उघडले तर साक्षात बाळूशेठ, टाके झाकायला टोपी घातलेले. "वढूला संभाजीराजांच्या समाधीवर माथा टेकून येत हुतो. म्हटलं, आप्पांस्नी बघून जावं." मग नजर देव्हाऱ्यात गेली. "आवं, त्ये मेण हाय! गाठ काय दिव्यावर भाजून खाताय व्हय?"

"देवापुढं ठिवलंय, शेठ."

"देव कुठं पळून चाललाय का? आणा इकडं!"

ठोकळ्याची एक कड मऊ पडून चकाकत होती. शेठनी तो उचलला, गाडीतल्या ढाब्याच्या बर्फाच्या डब्यात नीट ठेवला आणि स्वतः पुण्याला लॅबमध्ये पोचवला. ज्याच्या वाट्याचं मी मागत होतो, त्यालाच देवानं माझ्या दारात उभं केलं होतं.

रिपोर्ट आला. शेठचा बिघाड माझ्यात नव्हता. पण गाठीची डागडुजी करणारं जनुक झोपलेलं निघालं, त्यामुळं केमोच्या गोळ्या चांगल्या लागू पडण्याची आशा आहे म्हणाले. "मालकावर गेलंय," बायको म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

आता दोघांचीही स्कॅनची वेळ येत राहते. समई लावताना आधी शेठचं नाव घेतो, मग माझं. काय द्यायचं ते देवानंच ठरवावं. माझ्या मागण्याची अक्कल मी पाहिली आहे. हेवा गेला असं मात्र म्हणणार नाही. त्यांचे केस माझ्याआधी उगवले, ते बघून परवाच पोटात कळ आली. तीही नेऊन देवापुढं ठेवली.