केरबानानांचा शेवटचा शुक्रवार आणि सुदामची आंबील

ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं, आंबवायचं, शिजवायचं आणि गार करून प्यायचं. आंबिलीत एवढं काय आहे, असं ज्याला वाटतं त्याने ती जुलै महिन्यात दोहात करून दाखवावी.

सुदामने केली. सांगोल्याकडचा हा गडी एसी मेकॅनिक आहे. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका जुन्या व्हिलात, खोल्या पाडून भाड्याने दिलेल्यांपैकी एकीत, तिघांबरोबर राहतो. खोलीत एसी अठरावर. तिथे पीठ ठेवलं तर ते आंबायचं नावच घेत नाही. बाहेर अंगणात शेहेचाळीस. तिथे तेच पीठ दुपारपर्यंत असं वास मारतं की शेजारचा मलबारी भांडायला येतो. पहिल्या उन्हाळ्यात सुदामने दोन्हीकडे ठेवून पाहिलं आणि दोन्ही वेळा पातेलं मोरीत ओतलं. तिसऱ्यांदा त्याने ते स्वयंपाकघरात ठेवलं, तर खोलीतल्या केरबानानांनी मायेने उचलून एसीखाली आणलं. ‘एवढ्या उकाड्यात नासंल बिचारं,’ म्हणाले. तेही गेलं.

दुसरा कोणी असता तर दुकानातलं लबान, म्हणजे तिथलं बाटलीतलं ताक, पिऊन गप्प बसला असता. सुदामने कामावरचा थर्मामीटर काढला आणि सुट्टीचा अख्खा दिवस व्हिलाचा कानाकोपरा मोजत हिंडला. फ्रिजच्या मागे, भिंतीला लागून एक फळी होती. तिथे दिवसा एकतीस आणि रात्रीही एकतीस. त्या दिवसापासून त्या फळीवर काडेपेटी ठेवायचीही कुणाची हिंमत नाही.

अकरा वर्षं झाली. दर शुक्रवारी आंबील होते, आणि दर शुक्रवारी पहिला ग्लास केरबानानांना मिळतो. नाना शाळेची बस चालवतात, वयाने साठीला आलेले, सुदामच्या शेजारच्या गावचे. ते मिशी पुसतात, मान डोलावतात आणि म्हणतात, “ब्येस झालीया. पर आमच्या आयसारखी न्हाय.” त्यांच्या आईला, तानूबाईला, जाऊन वीस वर्षं झाली. पण अकरा वर्षांत त्या माउलीने सुदामला एकदाही जिंकू दिलं नाही. खोलीतले बाकीचे हसायचे. सुदामही हसायचा. मनातून मात्र त्याला ते फार लागायचं, आणि तो पुढच्या शुक्रवारी लसूण थोडा कमी करून बघायचा.

आता नाना सोमवारच्या विमानाने कायमचे गावी निघाले होते. म्हणजे हा शेवटचा शुक्रवार.

गुरुवारी संध्याकाळी सुदामने पातेलं कढत पाण्याने दोनदा धुतलं, पीठ कालवलं, फळीवर ठेवलं. शुक्रवारी सकाळी झाकण काढलं तर वर बारीक बुडबुडे आलेले, आणि वास हवा तेवढाच आंबट. तिथून सगळं जमतच गेलं. एरवी शुक्रवारी हमखास फोन येतो, कुणाचा तरी एसी बंद पडलेला असतो. आज फोन मुका. एरवी शेगडीसाठी रांग असते. आज रिफत, खोलीतला बांगलादेशी सुतार, आपली बिर्याणी आवरून म्हणाला, “यल्ला सुदामभाई, चूल्हा आपका.” सिलिंडर कालच बदललेला. पाण्याला उकळी आली, सुदामने एका हाताने आंबवण सोडलं, दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहिला. एक गुठळी झाली नाही, एक थेंब उतू गेला नाही. आंबिलीला चकाकी आली तसा तो स्वतःशीच गुणगुणायला लागला, आणि सुदाम गुणगुणणारा माणूस नव्हे. पातेलं गार पाण्याच्या परातीत बसवलं, निवल्यावर लबान, ठेचलेला लसूण, जिरं आणि मीठ घातलं. चमचाभर चाखलं. अशी कधीच झाली नव्हती.

नाना अर्धवट भरलेल्या बॅगेशेजारी बसले होते. त्यांनी ग्लास घेतला, सावकाश पूर्ण प्यायला, मिशी पुसली. मान डोलावली नाही. रिकामा ग्लास पुढे केला. दुसराही तसाच गेला.

सुदामला राहवेना. “नाना, बोला की. आयसारखी न्हाय म्हणायचं ऱ्हायलं तुमचं.”

“वहीचं पान आन,” नाना म्हणाले. “किती पीठ, किती टाइम, कसं शिजवायचं, समदं लिहून दे. सूनबाईला दावतो.”

“तुमच्या घरात आंबील म्हायती न्हाय व्हय? तुमच्या आयची रीत आसंल की.”

नानांनी ग्लास खाली ठेवला. “आयची चव आता ध्येनात न्हाय रं, सुदाम. लई वर्सं झाली. आठवाया गेलो की तुझीच जिभंवर येती. उगं म्हणत हुतो मी दर शुक्करवारी. म्हनलं नसतं, तर आय पुरीच गेली आसती.”

सुदाम उठला, वही घेतली, पेन शोधलं आणि लिहायला बसला. पहिल्या ओळीत त्याने तानूबाईचं नाव घातलं, आणि खाली पीठ किती ते.