कावळ्यानं शिवलेली सुशी

वरव्याची अश्विनी पुण्यात नोकरीला लागली आणि पोरीला जरा शिंगंच फुटली. गाव कुठलं विचारलं की "भोर साइडला" म्हणायची. वरवे बुद्रुक म्हणताना काय जीभ झिजत होती, देव जाणे. बाकी पोर वाईट नाही हो. पगार झाला की पहिला फोन आईला, आणि आज्जीच्या गुडघ्यांचं तेल कधी विसरली नाही. पण एका गोष्टीची तिला अशी लाज होती, की नुसतं आठवलं तरी एकटी असतानासुद्धा मान खाली जायची.

दीड वर्षापूर्वी तिचे आजोबा, सोनबा, वारले. तिला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून शाळेला पोचवणारा म्हातारा. माती झाली, सावडणं झालं, आणि कंपनीत रजा नाही असं सांगून अश्विनी पुण्याला परतली. रजा होती, चांगली मंजूर झालेली. पण ऐन दहाव्याच्या दिवशी ड्रॅगनच्या एका सिनेमाचा पहिला भाग लागत होता, मैत्रिणींनी तिकिटं काढून ठेवली होती, आणि हिनं मनाची समजूत घातली, की नदीवर आपलं काय अडणार आहे?

अडायचं तेच अडलं. थेटरातनं बाहेर पडून मोबाईल चालू केला, तर वडिलांचे फोनवर फोन येऊन गेलेले. शिवगंगेच्या काठी पिंडाला कावळा शिवत नव्हता. म्हातारीला सांभाळू, अश्विनीचं लग्न थाटात करू, बांधाचं भांडण मिटवू, एकेकानं पुढं होऊन शब्द दिले. कावळे आपले झाडावर बसून बघत राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक गुमान घरी आले.

घरात तिला कुणी शब्दानं बोललं नाही. उलट आज्जी, धोंडाबाई, आळीभर सांगत सुटली, की पोरीला कंपनीनं सोडलं नाही, नाहीतर ती काय राहणारी हाय? अश्विनीला शिव्या चालल्या असत्या. आज्जीनं घेतलेली बाजू मात्र तिच्या अंगावर काट्यासारखी यायची.

या रविवारी ती गावी आली होती, तेव्हा त्याच सिनेमाचा दुसरा भाग घरबसल्या टीव्हीवर बघायला मिळाला. आईवडील शिवऱ्याला लग्नाला गेलेले, आज्जी बांधावर गवताला. अश्विनीनं भोरहून नबीलाला बोलावून घेतलं. दोघी पुण्यात एकाच खोलीत राहतात, आणि पहिला भागही दोघींनी मिळूनच बघितलेला. सुशी करायची टूम नबीलाची. कच्ची मच्छी आणायची नाही या अटीवर अश्विनी तयार झाली. भात घरच्या इंद्रायणीचा, त्याला चिकट हो म्हणून सांगावं लागत नाही. व्हिनेगर, साखर, मीठ कालवलं, काकडी-गाजराच्या सळ्या केल्या. पण पुण्याहून आणलेले ते समुद्रातल्या शेवाळाचे काळे कागद गुंडाळता गुंडाळता निम्मे फाटले. दोघी हसून हसून लोळल्या. मग उरलेल्या भाताचे हातानंच लांबट गोळे वळले, वर काळे तीळ दाबले, परसातलं केळीचं पान कापून त्यावर मांडले, आणि वाऱ्यानं गार होतील म्हणून पान पडवीच्या कट्ट्यावर ठेवलं. झाकायचं दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

सिनेमा रंगात आला. पहिल्या भागात मेलेला राजा राखेतनं उठून ड्रॅगनवर बसला आणि नबीलानं टाळी मागितली. पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा सिनेमा थांबवून अश्विनी पान आणायला बाहेर आली.

कट्ट्यापुढं धोंडाबाई उभी होती. गवताचा भारा अंगणात टाकलेला, चपला काढलेल्या, डोक्यावर पदर. कट्ट्यावरच्या भाताला हात जोडून ती बोलत होती.

"धनी, पोरीनं सवताच्या हातानं वाढलंय बगा. आता तरी रुसू नगा."

मागनं आलेली नबीला फिसकन हसली, आणि दुसऱ्याच क्षणी तोंडावर हात दाबून आत पळाली. अश्विनीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अगं आज्जे, हे खायचं आहे, असं सांगायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात शेवग्यावरचा कावळा खाली उतरला, तिरक्या मानेनं दोघींकडं बघितलं आणि एक गोळा उचलून उडाला.

धोंडाबाई खालीच बसली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं नातीचा हात धरून गालाला लावला. तुझ्यासाठीच अडला होता गं, म्हणाली. कंपनीनं सोडलं न्हाई, त्याला तू तरी काय करशील.

अश्विनीला ते सोसेना.

"आज्जे, कंपनीनं सोडलं व्हतं. मी शिनेमाला गेले."

"ठावं हाय मला. तुज्या बानं तवाच कंपनीत फोन लावला व्हता."

"मग आळीत तसं का सांगितलंस?"

"आळीचं सोड. म्या नदीवर त्यास्नीबी तेच सांगितलं, पिंडाम्होरं हात जोडून. मेल्या मानसाशी खोटं बोलले गं मी. म्हनून कावळा शिवला न्हाई. माज्यापायी अडकला त्यो जीव."

दीड वर्ष म्हातारी हे उरात घेऊन गवत कापत होती, आणि अश्विनीला वाटत होतं की लाज काय ती आपल्या एकटीलाच आहे. धोंडाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पानाकडं बघत विचारलं,

"ह्यो भात त्यास्नीच ठिवला व्हतास न्हवं?"

"व्हय, आज्जे," अश्विनी म्हणाली, आणि तिच्याकडं न बघता उरलेलं पान शेवग्याच्या बाजूला सरकवलं.