आत्याबाईंचं बोट

माझ्या सासूबाई गोजरबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मेहकरजवळच्या आमच्या गावात त्यांचं फटकळ तोंड प्रसिद्ध, आणि हातही. आमची म्हैस त्यांच्याशिवाय कुणालाच दूध देत नाही. सोयाबीन सोंगताना विळा त्याच हातांपैकी डाव्याच्या मधल्या बोटात घुसला. बोट वाकवणारी दोरीसारखी नस आत तुटली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी ती शिवली, भोवती जेल सोडलं आणि मला समजावलं, "जखम भरताना नस आजूबाजूला चिकटते. जेल तिला थोडेच दिवस वेगळं ठेवेल, मग विरघळून जाईल. तोवर दुसऱ्या हाताने धरून हे बोट रोज हळूहळू वाकवायचं. त्याच हाताने जोर लावला, तर टाके तुटतील."

यातलं शेवटचं तेवढं गावात पोचलं. जो येई तो हात हलवू नको म्हणून बजावून जाई. शेजारच्या सिंधूताईंनी तर जुन्या लुगड्याची झोळी करून हात गळ्यात बांधून दिला. सगळ्यांची माया बघून माझं डोकं फिरायचं. मी बोट धरायला गेले की आत्याबाई हात ओढून घेत. "टाके तोडतं काय वं? केलं मी सकाळीच."

कशाचं केलं! धडधडीत खोटं. पण सासूचा हात जबरदस्तीने धरायची माझी छाती नव्हती. आत काय चिकटत चाललं असेल या धास्तीने मला जेवण जाईना.

तपासणीला मामाजी, म्हणजे माझे सासरे पंजाबराव, हेही आले. डॉक्टरांनी बोट हलवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आखडायला लागलंय. जेल संपत आलं असेल. हे असंच चाललं तर बोट ताठ राहील. मग पुन्हा कापावं लागेल, आणि तरी खात्री नाही."

परतीच्या एसटीत मामाजी सवयीप्रमाणे वेगळ्या बाकावर बसले. चारचौघांत बायकोशी धड बोलायलाही लाजणारा माणूस.

घरी पोचलो तर ओट्यावर सिंधूताई आणि आणखी दोघी चौकशीला बसलेल्या. मामाजींनी हात धुतले, आत्याबाईंसमोर बसले आणि गळ्यातली झोळी सोडली.

"आण हात."

"लोकं पाहून राह्यले," आत्याबाई पुटपुटल्या.

"पाहू दे."

"भाऊ, टाके तुटतीन," सिंधूताई म्हणाल्या. मामाजींनी वर पाहिलं नाही. डॉक्टरांनी धरलं होतं तसं त्यांनी बोट धरलं आणि वाकवू लागले. अर्ध्यावर बोट अडलं. ते थांबले, श्वास घेतला, पुन्हा किंचित दाबलं. मला वाटलं, आता आत्याबाई किंचाळणार, हात हिसकावणार. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. ओठ पांढरे पडले होते.

शेवटी बोटाचं टोक तळव्याला टेकलं.

मामाजींनी कपाळावरचा घाम पुसला. "लय दुखलं काय?"

"हाव."

"मंग बोलली काऊन नाही?"

आत्याबाईंनी डोळे उघडले. हात अजून मामाजींच्याच हातात होता.

"बोलली असती तं तुम्ही सोडला असता."